संकेत-पिनांतून होणारा अनाहूत वीजपुरवठा

ज्या चिपचा रीतसर पुरवठा बंद केला आहे, तिला शेजारच्या चालू चिपकडून संकेतवाहक पिनांच्या वाटे प्रवाह मिळून ती अर्धवट जागी राहणे, हा इलेक्ट्रॉनिक मंडलांतील सूक्ष्म परंतु अनर्थकारक दोष होय. स्थिरविद्युतेच्या आघातापासून रक्षण व्हावे म्हणून बहुतेक सीमॉस चिपांत प्रत्येक पिनेपासून पुरवठ्याच्या तारेकडे डायोड असतो. पुरवठा तुटला आणि पिनेवर ३.३ व्होल्टचा संकेत तसाच राहिला, म्हणजे हाच रक्षक प्रवाहास वाट देतो, व आतील तारेवर सुमारे २.७ व्होल्ट दाब उभा राहतो. १९८५ साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत पहिली एआरएम चिप तपासताना प्रवाहमापक शून्य दाखवीत होता. पुरवठा जोडलेलाच नव्हता, आणि चिप केवळ संकेतांतून झिरपणाऱ्या विजेवर चालत होती, ही स्टीव्ह फर्बर यांनी सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे.

वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) परिसरातल्या संत्राबागेत, आंबिया बहारापूर्वी पाणी तोडून झाडांना ताण देताना, मातीची ओल मोजणारे बॅटरीचे यंत्र ठेवावयाचे झाल्यास या दोषाचा बंदोबस्त आधीच केला पाहिजे. मोजणी आटोपताच यंत्रातील नियंत्रक संवेदकाचा पुरवठा तोडतो. परंतु दोहोंना जोडणाऱ्या यूआर्ट व आय-टू-सी या संदेशवाहिन्या विश्रांतीतही उच्च पातळीवर असल्याने, एकही संदेश जात नसताना बॅटरी अहोरात्र झिजत राहते, आणि त्याहून घातक म्हणजे, दाब शून्यापर्यंत न उतरल्यामुळे पुढील खेपेस चिप मुळारंभापासून सुरू होत नाही व खोटे आकडे देऊ लागते. ताण केव्हा तोडावा हे ज्या आकड्यावर ठरवावयाचे, तोच अविश्वसनीय ठरतो.

पुरवठा तोडण्यापूर्वी नियंत्रकाने त्या चिपकडे जाणाऱ्या आपल्या सर्व पिना शून्यावर आणाव्यात अथवा मोकळ्या सोडाव्यात, हा सर्वांत स्वस्त उपाय. आय-टू-सीचे पुल-अप रोध कायम पुरवठ्यास न बांधता तोडल्या जाणाऱ्या पुरवठ्यास बांधावेत. पिनेशी १० किलोओहमचा रोध घालण्याचा प्रघात आहे, आणि त्याने प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आसपास येतो खरा. पण आजच्या काटकसरी चिपांना तेवढाही पुरतो, म्हणून त्यावर विसंबू नये. पुरवठ्याऐवजी भूतार तोडण्याची तजवीज तर वर्ज्यच मानावी, कारण तेव्हा शून्यावर असलेली प्रत्येक पिन प्रवाहाचा परतीचा मार्ग बनते. जेथे दोन्ही बाजू स्वतंत्रपणे बंद होणार, तेथे पुरवठा नसताना पिना अलिप्त राखणारे ७४एलव्हीसी वर्गातील बफर योजावेत.

डीएस१८बी२० हा तापमापक संकेतवाहिनीवरूनच पोषण घेऊ शकतो, पण ती सोय त्याच्या रचनेतच हेतुपूर्वक केलेली आहे. इतरत्र हा दोष आहे की नाही हे पाहण्यासाठी, सर्व जोडण्या जागच्या जागी ठेवून पुरवठा तोडावा व त्याच्या तारेवरील दाब मोजावा. तो एक-दोन व्होल्टवर रेंगाळल्यास संकेताच्या तारा एकेक करून सोडवीत जावे, म्हणजे चोरवाट सापडते.