वस्तरा कुणाच्या हाती?

मराठीत एक वाक्प्रचार आहे. एखाद्याला चारचौघांत फटकारलं, की आपण म्हणतो, ‘त्याची बिनपाण्यानं केली.’ काय केली, ते सांगावं लागत नाही. पाणी न लावता दाढी केली तर काय होतं, हे ज्या समाजाला अनुभवानं ठाऊक होतं त्याच समाजात असा वाक्प्रचार जन्माला येतो. तेव्हा आज आपण पाण्यानं केलेल्या दाढीबद्दल बोलू. साबण, ब्रश, पातं, आणि मुख्य म्हणजे ते पातं धरणारा हात.

आधी पाण्याचं काम बघू. कोरडा दाढीचा केस चांगलाच चिवट असतो. तो पाणी शोषतो, फुगतो, मऊ पडतो, आणि मग कापायला बरीच कमी ताकद लागते. साबणाचा फेस हे पाणी केसाला धरून ठेवतो आणि पात्याला घसरायला जागा देतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि सोड्याच्या जोडीला पोटॅश वापरतात. म्हणूनच त्याचा फेस दाट येतो आणि लवकर वाळत नाही. अंगाच्या साबणानं दाढी करणाऱ्याला हा फरक दुसऱ्या गालावर येईपर्यंत कळतो, कारण तोवर पहिला गाल वाळलेला असतो.

आता पातं. शेकडो वर्षं दाढीचं हत्यार म्हणजे वस्तराच. इंग्लंडमध्ये शेफील्ड आणि जर्मनीत झोलिंगेन ही गावं वस्तऱ्यांसाठी नावाजलेली. वस्तरा उत्तम कापतो, पण त्याची सेवा करावी लागते. रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, अधूनमधून दगडावर धार लावायची, आणि हात स्थिर हवा. स्वतःच्या गळ्यावर स्वतःच उघडी धार चालवायची म्हणजे धाडसच. म्हणून जगभर बहुतेकांची दाढी दुसरा कुणीतरी करत होता. झाँ-जाक पेरे नावाच्या फ्रेंच कारागिरानं अठराव्या शतकात, स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि वस्तऱ्याला लाकडी आवरण लावून पाहिलं. पुस्तक लिहावं लागलं यावरूनच ते काम किती अवघड वाटत होतं ते कळतं.

आपल्याकडे हा ‘दुसरा कुणीतरी’ म्हणजे न्हावी. बारा बलुतेदारांपैकी एक. बगलेत धोकटी, धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा, तुरटी, पाण्याची वाटी. दर दाढीला पैसे नाहीत, सुगीला धान्याचं बलुतं. लग्नकार्यातही त्याची कामं ठरलेली. कुणाची करायची आणि कुणाची नाही, हेही ठरलेलंच होतं. दाढीच्या इतिहासात हा भाग सहसा येत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा झाली. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पुढारी, ‘दीनबंधू’चे संपादक, फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. सभेत न्हाव्यांनी ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. पोटावर पाय येण्याची शक्यता होती, तरी ठरवलं. रूढी कितीही पवित्र म्हणा, ती अंमलात आणायला शेवटी एक माणूस आणि एक वस्तरा लागतो. त्या माणसानंच हात आखडला तर? मला हा संप आपल्या इतिहासातल्या फार मोठ्या नकारांपैकी एक वाटतो.

पण दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात लहानपणच्या साताऱ्याची हकिगत लिहिली आहे. साताऱ्यात न्हावी होते, घरात त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या केसाला हात लावायला कुणी तयार नव्हता. म्हणून घरातल्या मुलांचे केस मोठी बहीण कापायची. म्हणजे बघा, नकार देणारा हात तोच. विधवेच्या बाबतीत तो नकार माणुसकीचा, आणि या मुलांच्या बाबतीत अपमानाचा. न्हाव्याची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल, की अस्पृश्याची हजामत केली असती तर गावानं त्याच्यावरही बहिष्कार टाकला असता. हे कारण झालं, समर्थन नव्हे.

तर ‘आपली आपण करा’ ही युरोप-अमेरिकेत एक नवी सोय म्हणून येत होती, तेव्हा आपल्याकडे काही लाख घरांत ती सक्ती म्हणून आधीच होती.

आता अमेरिकेत जाऊ. १८८० च्या सुमारास काम्फे बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये ‘सेफ्टी रेझर’ काढला होता. जाळीच्या आड जाड पातं. कापण्याची भीती कमी झाली, पण धार लावण्याची कटकट तशीच. इथे किंग कॅम्प जिलेट येतो. ‘किंग’ ही पदवी नाही, नावच तसं. हा फिरता विक्रेता, बाटल्यांची पत्र्याची बुचं विकणाऱ्या कंपनीत. त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरनं त्याला सल्ला दिला होता, की एकदा वापरून फेकून द्यावं लागेल असं काहीतरी शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. १८९५ साली एका सकाळी बोथट वस्तरा हातात घेऊन उभं असताना त्याला पातळ, फेकून द्यायच्या पात्याची कल्पना सुचली, असं तो स्वतः सांगत असे.

कल्पना सोपी, पण पातं बनेना. पातळ पत्र्याच्या पोलादाला अशी धार येणारच नाही, असं जाणकार सांगत. एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकरसननं पोलाद कडक करण्याची आणि धार लावण्याची यंत्रं तयार केली. खरं कौतुक त्याचं व्हायला हवं, पण डबीवर मिशीवाला चेहरा छापला गेला जिलेटचा! दाढीचं सामान मिशीवाल्यानं विकावं, हेही मजेशीरच. आणखी एक युक्ती लक्षात घ्या. पातळ पातं लवतं, मग केस कापणार कसा? रेझरच्या दोन गोलसर पट्ट्यांमध्ये ते दाबून वाकवतात, आणि वाकलेलं पातं ताठ होतं. पोस्टकार्ड मधून वाकवून धरा, ते उभं राहतं. तेच तत्त्व.

१९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. त्याच वर्षी, १९०४ मध्ये, पेटंट मिळालं.

व्यवस्थापनाच्या वर्गात एक गोष्ट हमखास सांगतात, की जिलेटनं रेझर जवळजवळ फुकट वाटला आणि पात्यांवर पैसा केला. गोष्ट छान आहे, पण घडली तशी नाही. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी जुन्या किमती तपासून हे दाखवलं आहे. पेटंट होतं तोवर रेझर ५ डॉलरला होता, आणि त्या काळात ही रक्कम मोठी होती. १९२१ मध्ये पेटंट संपलं, स्पर्धक येणार हे दिसलं, तेव्हा जुना नमुना एक डॉलरवर आला. म्हणजे ज्या काळात मक्तेदारी होती, त्या काळात स्वस्ताई नव्हती.

आणि हाच जिलेट १८९४ साली स्पर्धेविरुद्ध पुस्तक लिहून बसला होता! ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचं. नायगाराच्या विजेवर चालणारं एकच महानगर, त्यात बहुतेक सगळी अमेरिका राहणार, आणि धंद्यातली चढाओढ बंद. पुढे त्याचं नाव जगभरच्या चढाओढीवर उमटलं. १९३२ मध्ये तो वारला, तोवर मंदीत त्याची बरीच संपत्ती गेली होती.

सेफ्टी रेझर घराघरांत नेला तो जाहिरातींनी कमी, पहिल्या महायुद्धानं जास्त. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायला दाढीचे खुंट चालत नाहीत. अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून अधिक पाती घेतली. सैनिक घरी परतले ते सवय घेऊनच. ब्रिटिश सैन्यात तर मिशी सक्तीची होती. ओठावरचे केस काढायचे नाहीत, असा नियमच! ही मिशी त्यांनी उचलली हिंदुस्थानातून. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत १८५४ मध्येच ती सक्तीची झाली होती. ऑक्टोबर १९१६ मध्ये हा नियम रद्द झाला.

याच युद्धात ब्रशनं घात केला. चांगला ब्रश बिज्जूच्या केसांचा. युद्धामुळे माल येईना, म्हणून आयात केलेले घोड्याचे केस बिज्जूसारखे दिसतील असे रंगवून ब्रश झाले. काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, त्यांत अँथ्रॅक्सचे जंतू होते. दाढी करताना कातडी जराशी कापली की रोग आत. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये रुग्ण एकदम वाढले, आणि १९२० मध्ये ब्रिटननं जपानी ब्रशांची आयात बंद केली. गळा सुरक्षित करणारं हत्यार आलं, आणि धोका फेसातून आला.

सेफ्टी रेझरनं जात मोडली, असं काही मी म्हणणार नाही. मुळात त्यानं प्रश्न अर्धाच सुटतो. दाढी आपली आपण करता येते, डोक्यामागचे केस कापायला दुसरा हात लागतोच. पण ते पातं आपल्या घरांत फार मुरलं. पनामा, टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक. जुनं ब्लेड पेन्सिलीला टोक काढायला, शिवण उसवायला. आमच्या घरी वडिलांचं वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून खिडकीच्या वर ठेवलेलं असायचं, आणि त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती.

मग एड्सची भीती आली. एकच वस्तरा सगळ्यांना चालवणं धोक्याचं आहे, हे लोकांना कळलं. सलूनवाल्यानं काय केलं? न्हाव्याकडे जावं लागू नये म्हणून जे पातं निघालं, तेच त्यानं घेतलं. कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धा तुकडा वस्तऱ्यासारख्या दांडीत सरकवायचा. आज कुठल्याही गावच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलात, तर आधी तो कट्कन आवाज येतो. जाणतं गिऱ्हाईक तो ऐकल्याशिवाय मान मागे टेकत नाही.