गोट्याचा मुक्काम

आल्प्समधून उतरणारी ऱ्हाइन नदी बोडेन सरोवराला मिळण्यापूर्वी आपल्याबरोबर आणलेले दगडगोटे वाटेतच टाकते. तळ उंचावतो आणि बांध अपुरे पडतात. सप्टेंबर १९२७ मध्ये तिने बांध फोडून लिख्टेनश्टाइनचा सखल भाग बुडवला. नदी किती गोटे पुढे नेईल हे ठरवता आल्याखेरीज पात्र आखता येणार नव्हते. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील जलप्रयोगशाळेत या प्रश्नावर काम करणाऱ्यांत एक तरुण स्थापत्य अभियंता होते : हान्स आल्बर्ट आइन्स्टाइन, त्या सुप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञांचे थोरले चिरंजीव.

फ्रेंच अभियंते द्यु बॉय यांनी १८७९ मध्ये कल्पना मांडली होती, की पाण्याची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली म्हणजे तळाचे थर एकमेकांवरून घसरू लागतात. बर्लिनमध्ये आल्बर्ट शील्ड्झ यांनीही १९३६ साली ही मर्यादाच शोधली.

हान्स आल्बर्ट यांनी एकेका गोट्याचा प्रवास पाहिला. सारखे गोटे, तोच प्रवाह. तरी प्रत्येकाची मजल वेगळी. गोटा उडी घेतो, थांबतो, बराच काळ पडून राहतो, पुन्हा उठतो. मुक्कामाच्या मानाने उडीचा वेळ नगण्यच. तेव्हा त्यांनी उडीची लांबी आणि मुक्कामाचा काळ या दोहोंना संभाव्यतेचे गणित लावले. तो प्रबंध १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

निसर्गाच्या मुळाशी यदृच्छा आहे, हे वडिलांना अखेरपर्यंत पटले नाही आणि मुलाने मात्र तिचाच आधार घेतला, याची गंमत सांगितली जाते. मलाही ती वाटे. पुढे ध्यानात आले, की १९०५ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांच्या सततच्या थरथरीचा उलगडा करताना वडिलांनीही एकेका कणाचा नाद सोडून समूहाचाच हिशेब मांडला होता. मुलगा घरच्याच वाटेने गेला होता.

१९३८ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथल्या कृषी खात्याने १९५० मध्ये छापलेल्या त्यांच्या पुस्तिकेत हा हिशेब नद्यांना लावण्याजोगा झाला. त्यात कणाची उडी त्याच्या व्यासाच्या सुमारे १०० पट धरली आहे. अशा सूत्रांचे अंदाज आणि नदीतले मोजमाप यांत आजही दुपटीतिपटीचा फरक पडतो. धरणात गाळ किती येईल, पात्रातून वाळू किती उपसावी, हे सांगणारा आकडा वाचताना एवढे लक्षात ठेवावे : ती असंख्य कणांच्या मुक्कामांची सरासरी असते, आणि एखादा पूर ती एका रात्रीत मोडू शकतो.