उधाण, उघाडी आणि वलगण

खारघर म्हटले की आज रुंद रस्ते आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण वाचकहो, नावातला पहिला शब्द पाहा: खार. पनवेलच्या खाडीकाठची ही खारी जमीन. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे इथे शहर आले. त्याआधी खारघर, कोपरा, बेलपाडा ही आगरी वस्तीची गावे भात पिकवीत होती. तेही उधाणाच्या पातळीखालच्या जमिनीत!

ते कसे, म्हणाल तर मातीच्या बांधाने. बांधाला एक दार ठेवलेले असे, त्याला म्हणतात उघाडी. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देई, दार मिटे. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडे. साधीच युक्ती, पण काय अक्कल आहे बघा! अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हा हिशेब पोरासोरांच्याही तोंडी असे.

आपण शहरातली माणसे पाऊस पिसाळला की दारे लावून बसतो. खारीतला शेतकरी त्याचीच वाट पाही. कारण मुसळधार पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो. पाऊस रिमझिम पडला तर खारीत भात धरत नाही. मात्र त्याच पावसात उधाण चढले आणि बांधाला खांड पडली, तर खारे पाणी आत शिरून पुढच्या पिकालाही मुकावे लागे. मग रात्र असो की वादळ, गाव माती घेऊन बांधावर.

आणि मौज? ती वलगणीची. पहिल्या मोठ्या पावसात ओढे शेतांतून वाहू लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. कंदील, पाग, टोपल्या घेऊन माणसे रात्री चिखलात उतरत. अंगावर पाऊस, पायांत मासे, नुसता आरडाओरडा! गाभोळीचा मासा मारू नये, असे आता जाणकार सांगतात. त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण त्या रात्रींची चव गाव विसरलेला नाही.

या मौजेला बेफिकिरी मात्र समजू नका. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वाचवले. खाडीकाठी ही आठवण घरोघर सांगितली गेली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. आकाशातले पाणी जाणार कुठे? उघाडीचा जुना प्रश्न तो हाच. नवी मुंबई वसवताना वाशी-बेलापूरकडे पाणी साठवणारे तलाव खोदले आणि त्यांना भरतीने मिटणारी, ओहोटीला उघडणारी दारे बसवली. पुढे त्यांतल्या काही तलावांत गाळ साचला, तिवरे वाढली. गाळ कोणी आणि कसा काढायचा यावर कागद फिरत राहिले. बांधावरची उघाडी गाव स्वतः साफ करीत असे, मिरगाच्या आधी.