सायकल आणि तंबू

सायकलवर तंबू, अंथरूण आणि चूल लादून, मुक्काम करत फिरण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आली. सायकलवरचे लांबचे प्रवास त्याआधीही झाले होते. थॉमस स्टीव्हन्स एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये जपानमधल्या योकोहामाला पोचला. लाहोर ते कलकत्ता हा ग्रँड ट्रंक रस्ताही त्याच्या वाटेत होता. बदलायचा सदरा, मोजे, पिस्तूल आणि एक पावसाळी कोट, एवढ्यावर त्याने भागवले. रात्री तो कोटच त्याचा तंबू आणि अंथरूण होई. त्या सायकलवर जास्त सामान लादणे शक्यच नव्हते, कारण पुढच्या प्रचंड चाकावर बसलेला स्वार लहानशा खड्ड्यानेही तोंडघशी पडे.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची जवळपास सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल आली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. सायकल बुटकी, स्थिर आणि ओझे सोसणारी झाली. आता प्रश्न उरला तो ओझे किती असावे याचा.

त्याचे उत्तर थॉमस हायरम होल्डिंग या लंडनमधल्या शिंप्याने शोधले. १८५३ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेल्या होल्डिंगने तिथे स्थलांतरितांच्या तांड्यातले तंबूंतले जीवन अनुभवले होते. पुढे त्याने छोट्या होडीतून स्कॉटलंडमध्ये मुक्काम करत प्रवास केले. होडीत वजन आणि जागा दोन्ही मोजून वापरावी लागते. ती शिस्त त्याने सायकलवर आणली. १८९७ मध्ये तो, त्याचा मुलगा आणि आणखी दोन साथीदार आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारा भागात तंबू घेऊन फिरले. समुद्रावरून सतत येणारा वारा आणि पाऊस, अशा ठिकाणी कापडाची आणि शिवणीची खरी परीक्षा होते. जाड कॅनव्हासऐवजी त्याने रेशमी कापड वापरले. कापड बेतणे हा त्याचा धंदाच होता. हलक्या तंबूचा इतिहास एका शिंप्याच्या हातून सुरू व्हावा, यात नवल नाही.

या प्रवासावरच्या १८९८ च्या पुस्तकात होल्डिंगने समानशील वाचकांना पत्र लिहिण्याचे आवाहन केले. त्या पत्रव्यवहारातून १९०१ मध्ये ‘असोसिएशन ऑफ सायकल कॅम्पर्स’ ही संस्था जन्मली आणि त्याच वर्षी वाँटेज इथे तिचे पहिले शिबिर भरले. आजच्या ब्रिटिश ‘कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब’चे हे मूळ. १९०८ च्या आपल्या ‘कॅम्पर्स हँडबुक’मध्ये होल्डिंगने तंबूच्या बेतापासून स्वयंपाकापर्यंत सगळे तपशिलाने मांडले. नवख्याने परदेशी जाण्याआधी घराजवळ एक-दोन रात्री सगळ्या सामानासह काढाव्यात, हा सल्ला आजही दिला जातो. कोणती वस्तू नकोशी आहे, हे यादीवरून कळत नाही, चढावर कळते.

चुलीचा प्रश्न स्वीडनमधून सुटला. १८९२ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्टने बिनवातीचा, पंपाने दाब देऊन पेटणारा रॉकेलचा प्रायमस स्टोव्ह तयार केला. पिन आणि वॉशर सांभाळत मराठी घरांनी पुढे अनेक दशके जो स्टोव्ह वापरला, तो याच घराण्यातला. आयर्लंडसारख्या, लाकूड भिजलेलेच मिळणाऱ्या देशात तंबूवाल्यांना त्याचे मोल फार मोठे होते.

परदेशात जायचे तर सरहद्द आडवी येई. सायकल ही आयात होणारी वस्तू समजली जाई, म्हणून जकातीपोटी अनामत रक्कम भरावी लागे आणि ती देश सोडताना परत मिळे. इंग्लंडमध्ये १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या क्लबने आपल्या सभासदांची हमी देऊन काही देशांत ही कटकट संपवली. १८९८ मध्ये लक्झेंबर्ग इथे युरोपातल्या अशा क्लबांचा संघ झाला. पुढे तंबूवाल्यांसाठी ओळख आणि विमा यांची खात्री देणारे कार्ड निघाले. शिबिरस्थळाच्या चालकाकडे पासपोर्टऐवजी ते ठेवता येते. मात्र या सोयी युरोपातल्या. १९२३ मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये जगप्रदक्षिणा पुरी करून परतले. इराण आणि इराकच्या वाळवंटातून सायकली नेणाऱ्या या मुंबईकरांची आठवण मराठी वाचकांनी अधिक जपायला हवी.

शरीर कसे राखावे, याचे शास्त्र फ्रान्समधल्या सेंतएतियेनच्या पॉल द व्हिवी यांनी घडवले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे हे गृहस्थ १८८७ पासून सायकलचे मासिक चालवत. गिअर बदलता आले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. शर्यतींच्या जगाने त्याला दीर्घकाळ विरोध केला. ‘टूर द फ्रान्स’मध्ये साखळी सरकवणारे गिअर १९३७ पर्यंत वर्ज्य होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, थंडी वाजण्याआधी अंगावर कपडा चढवावा, अन्नावरची वासना उडेल इतके थकू नये आणि केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये, अशी त्यांच्या नियमांची दिशा होती. १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि हजारो जोडपी तंबू बांधून सायकलवर समुद्राकडे निघाली. होल्डिंगच्या काळातला छंद आता गिरणीकामगारांचाही झाला.

तंबू कुठे ठोकायचा, हे मात्र देशागणिक बदलते. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात, राहत्या घरापासून किमान १५० मीटरवर, मुक्काम करण्याचा हक्क दिला. नेदरलँड्समध्ये अधिकृत जागेबाहेर तंबू ठोकण्यास मनाई आहे. विमानप्रवासाने आणखी एक निर्बंध आणला: गॅसचे डबे नेता येत नाहीत, ते उतरल्यावरच विकत घ्यावे लागतात.

पहिल्या सफरीसाठी युरोपात अनेकजण डॅन्यूबकाठचा जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा सुमारे ३०० किलोमीटरचा टप्पा निवडतात. प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी नदीकाठाने पूर्वी वाट होती आणि सायकलमार्गाचा बराच भाग तिच्यावरूनच जातो. म्हणून तिथे चढ फारसे नाहीत. वाटेत शिबिरस्थळे आहेत, पलीकडच्या काठावर सायकलसह नेणाऱ्या नावा आहेत आणि थकलेल्याला रेल्वेनेही पुढे जाता येते.