केंब्रिजहून परतलेली विद्या : डॉ. कमला सोहोनी

गेल्या साठ वर्षांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी गेले. अलीकडे तर दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच पालक त्याविषयी विचारणा करू लागतात. देश कोणता, विद्यापीठ कोणते, खर्च किती, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु परदेशातील शिक्षण तरुण मनाला नेमके काय देते, हा प्रश्न सहसा मागे राहतो. त्याचा विचार इतिहासाच्या आधारे व्हावा, म्हणून आपल्याप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर, इंदूर येथे जन्मलेल्या एका मराठी विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम यशासह मिळवल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज करावा, हे स्वाभाविकच होते. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. त्यांनी प्रवेश नाकारला. गुणांत काही उणे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण.

कमलाबाई बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. कामाविषयी संचालकांचे समाधान होईपर्यंत, पहिले वर्षभर, त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. आणि आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नव्हते. या अटींचा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. तरीही श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा कसून अभ्यास केला. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले. १९३६ मध्ये कमलाबाईंना एम.एस्सी. पदवी मिळाली.

१९३७ मध्ये संशोधनवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथे होती. त्या प्रयोगशाळेत डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपल्याकडील एक टेबल कमलाबाईंना दिवसा काम करण्यासाठी दिले. गोष्ट लहानशी आहे. पण बंगळूरच्या अटींशेजारी ठेवून पाहिली की तिचे मोल कळते. येथे उभे राहण्याचा आपला अधिकार आधी सिद्ध करा, असे या टेबलाशी त्यांना कोणी सांगितले नाही. जी शक्ती पूर्वी हक्कासाठी झगडण्यात खर्च होत होती, ती आता सगळी कामात उतरली.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्यांनी डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम केले. बटाट्यावरील प्रयोगांतून वनस्पतिपेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवून दिले. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवतात, त्या क्रियेत भाग घेणारे हे द्रव्य होय. केंब्रिजमध्ये पाऊल ठेवल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत त्यांचे संशोधन व प्रबंधलेखन पूर्ण झाले. प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद, त्यानंतर कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा पुढील प्रवास झाला. या प्रवासात संशोधनाचा विषय कोणता होता, हे पाहण्यासारखे आहे. गोरगरिबांच्या आहारातील डाळी, धान्याचे पीठ, नीरा आणि ताडगूळ! नीरेतील पोषक द्रव्यांचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेची भर घातल्यास प्रकृती सुधारते, हे दाखवले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. उतारवयात त्या ग्राहक चळवळीत रमल्या आणि अन्नातील भेसळीविषयी लोकांना सावध करीत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

केंब्रिजने त्यांना महत्त्वाकांक्षा दिली, असे म्हणता येणार नाही. ती बंगळूरच्या दारातच दिसली होती. आणि डाळींचा विषयही तेथेच हाती आला होता. केंब्रिजने दिली ती कामाची उंच कसोटी आणि त्या कसोटीला आपण उतरतो हा अनुभव. भारतात परतल्यावरही मार्ग सुकर नव्हता. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना बऱ्याच विलंबाने मिळाले. पण स्वतःच्या योग्यतेविषयीची खात्री आता दुसऱ्याच्या मान्यतेवर अवलंबून नव्हती.

याच घरातील थोरली कन्या दुर्गा भागवत. त्यांनी लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी मध्य भारतातील आदिवासी प्रदेश पायाखाली घातला आणि १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला निर्भयपणे विरोध केला. एकीची वाट केंब्रिजवरून गेली, दुसरीची अरण्यातून. दोघींचे कर्तृत्व तोलामोलाचे. म्हणून परदेशगमन हे यशाचे एकमेव माप मानणे उचित नाही, आणि ते घरापासून तुटणेच आहे असे समजून भिण्याचेही कारण नाही.

पालकांना माझी विनंती आहे की, मूल कोठे जाणार याच्याइतकेच ते कोणता प्रश्न मनात घेऊन जाणार, हेही त्याच्याशी बोलावे. परदेशी शिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनीही शाळेला अवश्य पत्र पाठवावे. आपल्या हुद्द्याबरोबर तेथे आपला कोणता समज बदलला, हे त्यात लिहावे. आज वर्गात बसलेल्या मुलांना त्याचा अधिक उपयोग होईल.