शब्दवेध : सिरा आणि शिराझ

वर्सोव्याच्या वाईन शॉपमधल्या एका बाटलीवर ‘सिरा’ आणि शेजारच्या बाटलीवर ‘शिराझ’ असले, तरी द्राक्ष एकच. फ्रान्समध्ये त्याला सिरा म्हणतात. (आपल्या शिऱ्याशी नाते नाही!) जेम्स बझ्बी यांनी 1832 मध्ये युरोपातून ऑस्ट्रेलियाला नेलेल्या कलमांच्या यादीत ‘सायरस’ हे रूप दिसते, तिथेच पुढे ‘शिराझ’ रूढ झाले.

या नावामुळे हे द्राक्ष इराणच्या शिराझ शहरातून आल्याची दंतकथा चिकटली. त्या शहराची वाईन सतराव्या शतकात सुरतेच्या वखारींपर्यंत येई, म्हणून कथा खरी वाटे. मात्र नव्वदच्या दशकाअखेरीस डीएनए चाचणीने निकाल दिला : दुरेझा आणि माँद्यूझ ब्लाँश या आग्नेय फ्रान्समधल्या जातींचे हे अपत्य. इराण कुठेच नाही.

नाशिकमध्ये ऑस्ट्रेलियन नावच अधिक रुळले. मिरीसारखा तिखट गंध आणि गडद जांभळा रंग ही या वाईनची खूण. ती पारखायला मोठ्या, गजबजलेल्या वायनरीपेक्षा इगतपुरीजवळच्या कावनईच्या व्हॅलोनेसारखी लहान वायनरी बरी. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. त्याच दिवसांत जावे, आणि परतीसाठी चालक वेगळा ठेवावा.