आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी व नागपूरचा प्रक्षेपक

आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी 18 मे 1988 रोजी सुरू झाली. कार्यक्रम दिल्लीचे, प्रक्षेपक मात्र देशाच्या मध्यावरील नागपूरचा: 1000 किलोवॅट क्षमतेचा, 1566 किलोहर्ट्झचा. मध्यम लहरींच्या वरच्या टोकाची ही कंप्रता दिवसा जमिनीलगत लवकर क्षीण होते. सूर्यास्तानंतर मात्र आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जाते. संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच्या वाहिनीला ती सोयीचीच होती. जळगाव, धुळेही याच टापूतले. दर तासाला आळीपाळीने हिंदी व इंग्रजी बातम्या असत. डिसेंबर 2018 मध्ये प्रसारभारतीने खर्चकपातीचे कारण देऊन वाहिनी बंद करण्याचा निर्णय घेतला. एफएमची लहर आयनांबर भेदून निघून जाते; रात्रीचा तो दूरचा पल्ला तिला नाही.